वरची मर्यादा

बुधवार, दुपारचे पावणेचार.
दोनशे चाळीस खुर्च्यांचं सभागृह
पांढऱ्या चादरींखाली झोपलेलं,
आणि मी मागच्या काचेच्या खोलीत
एकेका नावाला आत घेतोय.

दार नाही, तरी मी दारवान.
एका बटनाने हैदराबाद, एका बटनाने ट्रिएस्ट,
'एस. व्ही. यांचा आयपॅड' नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी.
आणि हा कोण 'गेस्ट ७'?
आपलं नाव सांगा, असं लिहून पाठवतो.
उत्तर येत नाही. घेतो आत.

आज बोलणार डॉ. नीलांबरी केळसकर,
विक्रोळीच्या घरातून.
मागे पुस्तकांचं कपाट,
कपाटावर मुलाचं क्रिकेटचं हेल्मेट.
"आवाज येतोय ना माझा?" इंग्रजीत.
येस मॅडम, मी म्हणतो.
सेमिनारमधली माझी भूमिका इथे संपते.

मला यातलं कळतं
कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला कायदा कळतो तितकं.
पण आठ वर्षं कानावर पडतंय.
डोंगराच्या पोटात एक टाकी,
टाकीत उणे शंभरावर गोठवून द्रव केलेला झेनॉन,
भोवती पाणी, शिसं, दीड किलोमीटर खडक,
कशासाठी, तर काहीही आत येऊ नये म्हणून.
म्हणजे तरीही जे येईल
ते तेच, ज्याची वाट बघतोय.

नऊशे बारा दिवस वाट बघितली.
तीन ठिणग्या दिसतील असा हिशोब होता,
खडकातल्या, धातूतल्या, वाट चुकून आलेल्या.
दिसल्या तीन.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला.
काही सापडलं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, वरची मर्यादा.
याहून जास्त असतं तर दिसलं असतं.
आलेखावरची रेघ बोटभर खाली सरकली.

माझा बाप कुलाब्याहून डोल लावायला जायचा.
भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते,
जाळं वर यायचं ते समुद्र नुसता गाळून,
दोन खेकडे, एक रबरी चप्पल.
बाप काही लिहून ठेवायचा नाही,
पण पुढच्या खेपेला खुंट
चार वाव दक्षिणेला.
क्षणभर वाटलं, हेच की ते.
तेवढ्यात बापाचा आवाज आला,
जो मला अजून म्यूट करता येत नाही:
"नं डिजल कोन भरील रं, तुजी रेघ?"

एक हात वर. गेस्ट ७.
कोवळा आवाज, मागे कुठेतरी ड्रिल मशीन,
आणि सरळ मराठीत:
"मॅडम, त्या तीनमधली एक तीच असली तर?
म्हणजे चुकून येणाऱ्या दोनच आल्या
आणि तिसरी खरी?"

एकेचाळीस चौकोन गप्प.
मॅडमनी चष्मा काढला.
त्या डोळ्यांना एवढ्या जवळून
कुणी पाहिलं नसेल या सभागृहात कधी.
"असू शकेल," त्या मराठीत म्हणाल्या.
"पण कुठली, ते मला सांगता येणार नाही.
झोप लागत नाही तेव्हा
मी त्या तिघींची वेळ-तारीख काढून बसते."
मग परत इंग्रजीत, थँक यू, गुड क्वेश्चन.

रेकॉर्डिंग साफ करणं माझं काम.
पाच सेकंदांवरची शांतता कापायची, असा नियम.
प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये
अकरा सेकंद भरले.
ड्रिलसकट ठेवले.

रजिस्टर: उपस्थिती एकेचाळीस. तांत्रिक बिघाड नाही.
गेस्ट ७ कधी गेला, दिसलं नाही.
सगळ्यांसाठी सभा संपवायची का,
यंत्र विचारतंय.
एस. व्ही. यांचा आयपॅड अजून आत आहे,
त्यात छत, आणि फिरणारा पंखा.
बोट बटनावर ठेवून
मी थोडा थांबतो.